सिक्रेट सांता, ५० रुपयांची मर्यादा आणि चार दिवसांची गैरहजेरी : नववी 'ब'चं एक प्रकरण

आधीच सांगते, यात कुणाचंच नाव नाहीये, शाळेचंही नाही. ओळख पटेल असे एकदोन तपशील बदललेत, बाकी जसं झालं तसं लिहिलंय. मी त्या वर्गाची वर्गशिक्षिका, त्यामुळे यातल्या निम्म्या चुका माझ्याच आहेत.

पार्श्वभूमी

शाळा वसईच्या पश्चिम पट्ट्यातली, मराठी माध्यम, पाचवी ते दहावी, आणि चालवणारी संस्था ख्रिस्ती. वर्गात कुपारी ख्रिस्ती पोरं, वाडवळ, आगरी, भंडारी, स्टेशनकडच्या बिल्डिंगमधून येणारी कोकणातली आणि घाटावरची, चारपाच मुस्लिम, काही पाड्यावरची. एकूण ५४. नाताळ आमच्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही, डिसेंबर लागला की रस्त्याला गोठ्यांची (येशूजन्माच्या देखाव्यांची) तयारी दिसायला लागते, घराघरावर तारे लटकतात आणि हिंदू घरातल्या पोरांनासुद्धा कुठल्या गावचा गोठा यंदा भारी होणार याची पूर्ण माहिती असते.

पण शाळेसाठी डिसेंबर म्हणजे नुसता गोंधळ. स्नेहसंमेलन, सहल, तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन, आठवीची एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा, आणि शिवाय २६ ते ३१ डिसेंबरला वसईचा कला क्रीडा महोत्सव असतो त्याच्या प्रॅक्टिससाठी निम्मी पोरं तास सोडून मैदानावर. २०२४ चा डिसेंबर तर जास्तच वाईट होता कारण दिवाळीची सुट्टी संपते न संपते तोच विधानसभेची निवडणूक आली, २० नोव्हेंबरला मतदान, आमच्यातल्या बऱ्याच जणांना ड्युटी, ट्रेनिंगं, त्यात दोनतीन आठवडे कसे गेले कळलंच नाही. वर बोर्डानं दहावीची परीक्षा दरवर्षीपेक्षा आठदहा दिवस अलीकडे आणून २१ फेब्रुवारीला सुरू केलेली, म्हणजे पूर्वपरीक्षाही पुढे ढकलायची सोय नाही. स्टाफरूममध्ये सगळे घड्याळाकडे बघत चहा प्यायचे.

हे सांगायचं कारण एवढंच की ज्या दिवशी मॉनिटर माझ्याकडे आली त्या दिवशी मी सहलीच्या एसटीचा अर्ज भरत होते (शालेय सहलीला ५० टक्के सवलत मिळते, पण त्यासाठी जे कागद लागतात ना, असो) आणि ती दारात उभी राहून म्हणाली, टीचर, आपण सिक्रेट सांता करूया का वर्गात, माझ्या मावसबहिणीच्या शाळेत करतात. मी मान वर न करता म्हटलं करा, पण ५० रुपयांच्या आत. झालं. तिसऱ्या मिनिटाला ती पळत वर्गात गेली आणि आरडाओरडा मला ऑफिसपर्यंत ऐकू आला.

हा पहिला निर्णय. दोन मिनिटांत, उभ्या उभ्या, दुसरंच काम करताना घेतलेला.

काय बिनसलं

९ डिसेंबरला सोमवारी चिठ्ठ्या काढल्या. २३ तारखेला गिफ्ट द्यायचं ठरलं, कारण २४ पासून आम्हाला नाताळची सुट्टी. खेळ साधाच, चिठ्ठीत ज्याचं नाव निघेल त्याला गुपचूप काहीतरी द्यायचं, कुणी दिलं ते शेवटी सांगायचं.

पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी झाल्या आणि दोन्ही माझ्या नाकाखाली.

एक म्हणजे पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप. कुणा एका आईनं तिसऱ्याच दिवशी फोटो टाकला, बाटली-डबा-पाऊच असा सेट होता, खाली लिहिलं "हे चालेल ना?" किंमत दिसत होती, ३४९. मी तेव्हा बघितलंच नाही, संध्याकाळपर्यंत खाली अकरा अंगठे आणि "खूप छान ताई". मग दुसरीनं परफ्यूम, तिसऱ्यानं घड्याळ. ५० रुपयांचं कुणी नावच काढेना. एका बाबांनी विचारलं की मराठी शाळेत सांता कशाला पाहिजे, आपले सण कमी आहेत का, त्याला दुसऱ्यानं उत्तर दिलं, मग त्याला तिसऱ्यानं, आणि मी ग्रुप म्यूट केला. ही पण चूकच, पण रात्री साडेदहाला कोण वाद घालणार.

ग्रुपमध्ये ४७ पालक होते. वर्ग ५४ चा. जे सात नव्हते ते कोण, हा प्रश्न मला त्या वेळी पडलाच नाही.

दुसरी गोष्ट जास्त वाईट आणि ती मला फार उशिरा कळली. पोरांनी चिठ्ठ्या बदलायला सुरुवात केलेली. आधी मजेत, मला तिचं नाव दे मी तुला याचं देतो, मग सरळ बाजार. ज्यांच्या घरून भारी गिफ्ट येईल असं वाटत होतं त्यांच्याशी कनेक्शन पाहिजे, मुलांना ठरावीक मुलींची नावं पाहिजेत, आणि काही नावं कुणालाच नको होती. पाड्यावरून येणाऱ्या एका मुलीची चिठ्ठी पाच हातांतून फिरली. पाच! तिला ते कळलं होतं. मॉनिटरनं मला हे सांगितलं तेव्हा ती स्वतः रडत होती आणि मला काय बोलावं सुचेना कारण हे सगळं चालू असताना मी रोज सात तास त्यांच्यातच होते.

तीन दिवस

१६ तारखेला सोमवारी एक मुलगा आला नाही. हा मुलगा कधी दांडी मारत नाही. अभ्यासात मध्यम, गणितात बरा, कबड्डीत चांगला, बोलायला कमी. आई वाडीत फुलं खुडायला जाते, पहाटे अंधारात, कारण ती फुलं पहिल्या गाड्यांनी दादरला जायची असतात, मग दिवसभर दोन घरची कामं. वडील नाहीत. मंगळवारीही नाही. बुधवारी मी फोन केला, आईकडे साधा बटणांचा फोन आहे (तेव्हा माझ्या डोक्यात लखकन आलं की ग्रुपमध्ये नसलेल्या सातांपैकी ही एक), ती म्हणाली ताप आलाय टीचर, उद्या-परवा पाठवते.

मधल्या सुट्टीत त्याचा बाकावरचा जोडीदार आला. हळूच म्हणाला, टीचर त्याला ताप नाय, गिफ्टचं जमत नाय म्हणून येत नाय तो.

इथे मी जे केलं ते नीट सांगायला पाहिजे कारण सगळं प्रकरण त्यावरच अडलंय. मी त्या मुलाशी बोलले नाही. त्याच्या घरी गेले नाही, घर शाळेपासून पंधरा मिनिटांवर आहे. मी सरळ स्टाफरूममध्ये गेले आणि डोळ्यांत पाणी आणून सगळ्यांना सांगितलं की बघा, एक पोरगा ५० रुपयांपायी शाळा सोडून घरी बसलाय लाजेनं.

आता एक गोष्ट, जी आठवीपर्यंत शिकवणाऱ्यांना कदाचित जाणवणार नाही. आठवीपर्यंत पोषण आहार असतो, पुस्तकं फुकट मिळतात. नववीत आलं की दोन्ही एकदम बंद. म्हणजे जूनमध्ये पुस्तकांचे पैसे, रोज डबा, आणि डबा नसला की ते सगळ्यांना दिसतं. आठवीत खिचडीच्या रांगेत सगळे एकाच ताटलीत खात असतात, कोण घरून काय आणू शकतं हे कळायला जागा नसते. नववीत कळायला लागतं. नेमकं त्याच वर्षी आम्ही गिफ्टचा खेळ काढला. एनएमएमएस मिळाली असती तर त्याला वर्षाला १२ हजार आले असते, नववीपासून बारावीपर्यंत, पण ती परीक्षा त्याची थोडक्यात हुकलेली. हे सगळं मला माहीत होतं. माहीत असणं आणि वेळेला आठवणं यात फरक असतो.

कुठले पर्याय होते

स्टाफरूममध्ये बुधवारी दुपारी जी चर्चा झाली ती जवळजवळ एक तास चालली, दोन ऑफ पिरियड आणि एक मी बुडवलेला.

पीटीचे सर म्हणाले बंद करा सगळं. सरळ. पोरांना सांगा परीक्षा जवळ आलीय, सांता कॅन्सल. त्यात दम होता, पण तोवर वर्गातल्या निम्म्यापेक्षा जास्त पोरांनी खरेदी केलेली, नंतर मोजलं तर ३१ निघाले. आणि बंद केलं की का केलं हे पोरं शोधणार, आणि शोधलं की एकाच नावावर येऊन थांबणार.

एक मॅडम म्हणाल्या एवढा काय विचार करताय, तुम्हीच त्याच्या नावानं काहीतरी आणून ठेवा, ५०-१०० रुपयांचा तर प्रश्न, कुणाला कळणार पण नाही. हे मला सगळ्यात सोपं वाटलेलं. खरं सांगायचं तर मी पाकीट काढलंच होतं. पण मग चिठ्ठ्यांच्या बाजाराचं काय? ते तसंच राहणार होतं.

आमच्या मराठीच्या टीचर, त्या कुपारी, त्यांच्या गावच्या चर्चमध्ये गायनमंडळात असतात, त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, सांता सांता करता पण मूळ गोष्ट काय आहे ठाऊक आहे का. संत निकोलस, चौथ्या शतकातला, मायरा गावचा बिशप, ते गाव आजच्या तुर्कस्तानात येतं. एका गरीब बापाच्या तीन पोरी होत्या, लग्नाला पैसे नाहीत, तर यानं रात्री कुणी बघत नसताना त्यांच्या घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या. त्याचा सण ६ डिसेंबरला असतो. त्यात गुपित कशासाठी होतं? घेणाऱ्याला मान खाली घालायला लागू नये म्हणून. आणि आपण गुपित कशासाठी ठेवलंय, तर शेवटी सगळ्यांसमोर कागद फाडून बघायला की कुणी केवढ्याचं दिलं.

सगळे गप्प. मग इतिहासाचे सर म्हणाले ते ठीक आहे हो, पण करायचं काय?

चौथा पर्याय त्यातूनच निघाला. विकत आणायचंच नाही. स्वतः बनवलेलं, किंवा घरच्या वाडीतलं, किंवा काहीतरी शिकवायचं, आणि सोबत एक पत्र सक्तीचं. चिठ्ठ्या नव्यानं काढायच्या, पाकिटात बंद, माझ्यासमोर उघडायच्या, बदलाबदली केली तर पाकीट जप्त. मला हे एकदम पटलं, इतकं पटलं की मी त्याच्याविरुद्ध काही ऐकूनच घेतलं नाही. पीटीचे सर जाताना फक्त एवढं बोलले, त्या पोराला एकदा विचारा तरी. मी हो म्हटलं.

विचारलं नाही.

काय केलं

१९ तारखेला, गुरुवारी, वर्गात जाहीर करायचं ठरलं होतं तिसऱ्या तासाला. पण मी आदल्या दिवशी मोठ्या सरांना, म्हणजे मुख्याध्यापकांना, सांगितलेलं, परवानगी म्हणून, आणि त्यांना ते भलतंच आवडलं. इतकं की त्यांनी ते परिपाठातच घेतलं. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष, आणि मग बातम्यांत सातवीतल्या मुलीनं माईकवर वाचलं: नववी 'ब'च्या विद्यार्थ्यांनी यंदा नाताळनिमित्त खरेदी न करता स्वतःच्या हातांनी भेटवस्तू बनवण्याचा संकल्प केला आहे. टाळ्या. सगळी शाळा नववी 'ब'च्या रांगेकडे बघतेय आणि नववी 'ब' एकमेकांकडे, कारण त्यांना स्वतःला ही बातमी तेव्हाच कळली.

मोठ्या सरांचे एक ओळखीचे वार्ताहर आहेत. दुसऱ्या दिवशी एका पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या, "विद्यार्थ्यांचा स्तुत्य उपक्रम". अजून उपक्रम व्हायचा होता. फळ्यावर कात्रण चिकटवलं गेलं.

वर्गात तिसऱ्या तासाला जे झालं ते अर्थातच स्तुत्य नव्हतं. ज्यांनी आणलेलं ते चिडले, टीचर आता त्याचं काय करायचं, दुकानदार परत घेत नाही. एक मुलगी म्हणाली मी माझ्या पॉकेटमनीतून घेतलंय, आईचे पैसे नाहीत. एक जण मागून पुटपुटला की कुणामुळे झालंय ते आम्हाला माहितेय. मी ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. संध्याकाळी ग्रुप पुन्हा पेटला. नऊ पालकांनी मला वेगळा मेसेज केला, त्यातले सहा तक्रारीचे, तिघांचे आभाराचे, आणि आभार मानणाऱ्यांतल्या एका आईनं लिहिलं होतं की आम्हाला पण जड जात होतं टीचर पण बोलणार कसं. ती बाई ग्रुपमध्ये अंगठा देणाऱ्यांपैकी होती. मी वर जाऊन परत बघितलं, होती.

शुक्रवार

२० तारखेला मुलगा आला. तब्येत ठणठणीत. तापाची चिठ्ठी आणलेली, आईचा अंगठा.

मधल्या सुट्टीत त्याला बोलावलं, प्रेमानं विचारलं, काही अडचण होती का. तर तो सरळ म्हणाला कामाला गेलो होतो. नाक्यावर एक जण दिवाळीत कंदील आणि डिसेंबरात तारे विकतो, त्याच्याकडे. कामट्या तासायच्या, बांधायच्या, कागद चिकटवायचा. ताऱ्यामागे १० रुपये. तीन दिवसांत २४ तारे केले, २४० रुपये मिळाले. शनिवार-रविवार तो करतच होता पण सोमवार ते बुधवार माल जास्त उचलला जाणार होता म्हणून शाळा बुडवली. म्हणजे लाजेनं घरी बसलेला वगैरे काही नाही, पोरगा हिशेब करून बाहेर पडलेला.

आणि मग त्यानं दप्तरातून एक पुडी काढली. बॅटची ग्रिप, निळी. त्याच्या चिठ्ठीत जो मुलगा होता तो क्रिकेटवेडा, त्याच्या बॅटची ग्रिप फाटलेली यानं बघून ठेवलेली. "याचं आता काय करू टीचर? चिठ्ठ्या परत काढल्या ना तुम्ही. माझ्याकडे आता दुसरंच नाव आलंय."

मला उत्तर देता आलं नाही. ज्याच्यासाठी म्हणून मी नियम बदलला, वर्गाचा राग घेतला, पेपरात बातमी येऊ दिली, त्यानं तो प्रश्न माझ्याआधी स्वतः सोडवला होता, स्वतःच्या कष्टानं, आणि ती ग्रिप ५० रुपयांत बसणारीपण नव्हती पण त्याला तीच द्यायची होती. आणि मी नेमकं तेच त्याच्या हातातून काढून घेतलं.

यानंतर खरं तर गप्प बसायला हवं होतं. पण मी शिक्षिका, गप्प कसली बसते. मी उत्साहानं म्हटलं, अरे मग तू सगळ्या वर्गालाच तारे करायला शिकव ना! सोमवारी एक तास देते तुला!

तो म्हणाला, "नको टीचर. ते मी पैशासाठी करतो."

एवढंच बोलून उठला. तो त्या दिवशी माझ्यावर रागावला होता असंही नाही वाटलं. त्याच्या दृष्टीनं ते काम होतं, आणि मी त्याचा कार्यक्रम करायला निघाले होते.

(कामाचा भाग मी सोडून दिला नाही. मुलाला १४ पूर्ण झालीत, आणि कायदा चौदाच्या आतल्यांना कामाला लावू देत नाही, चौदा ते अठरा धोक्याचं काम नको असं म्हणतो, त्यामुळे कागदावर कुणी पकडलं नसतं. पण शाळा बुडवून नको, हे मी त्याच्याशी आणि नंतर त्याच्या आईशी बोलले. आई म्हणाली मला माहीत होतं टीचर, तापाचं खोटं बोलले, पण त्यानं पहिल्यांदा स्वतः काहीतरी मागितलं होतं, जाऊ दे म्हणून.)

२३ डिसेंबर

कार्यक्रम झाला. वाईट झाला नाही. पत्रांचा भाग खरोखर चांगला झाला, मला वाटलं होतं पोरं दोन ओळी लिहून मोकळी होतील पण काहींनी पान-पान लिहिलं, आणि जिची चिठ्ठी पाच हातांतून फिरली होती त्या मुलीला जे पत्र मिळालं ते तिनं तिथेच उघडलं नाही, घरी घेऊन गेली. कुणी लिहिलं ते मला ठाऊक आहे, सांगत नाही. वस्तूंमध्ये बुकमार्क, वारली काढलेला पेनस्टँड, एकानं घरची सुकेळी (वाळवलेली केळी) आणली, एकीनं आईकडून करून घेतलेल्या करंज्या (स्वतः केल्या असं सांगितलं, कडा बघून कुणीही ओळखलं असतं). दोघांनी विकतचंच कागदात गुंडाळून आणलं आणि मी बघितलं नाही असं केलं.

पण ज्यांनी आधी खरेदी केली होती त्यांच्यातले बरेच जण फुगूनच बसलेले. ती सगळी गिफ्टं कुठे गेली? माझ्या अंदाजानं शाळेबाहेर वाटली गेली, आपापल्या मित्रांना, म्हणजे जो बाजार मला बंद करायचा होता तो गेटच्या पलीकडे भरला. मोठे सर फोटो काढायला आले, मागच्या फळ्यावर कात्रण येईल असा अँगल घेतला.

त्या मुलानं नव्या चिठ्ठीतल्या मुलीला गणिताच्या दोन प्रकरणांच्या सूत्रांचा तक्ता करून दिला. स्वच्छ अक्षर. ती म्हणाली थँक्यू, तो म्हणाला हं. संपलं.

नंतर काय कळलं

जानेवारीत क्रीडादिन होता तेव्हा मी त्या क्रिकेटवेड्या मुलाच्या बॅटला निळी ग्रिप बघितली. विचारलं नाही. पीटीच्या सरांनी आपणहून सांगितलं की सुट्टी लागली त्याच दिवशी मैदानावर दिली, कार्यक्रम झाल्यावर, कुणी नसताना. काही बोलला का? नाही म्हणे, हातात देऊन पळाला.

मराठीच्या टीचरना हे सांगितलं तर त्या हसल्या आणि म्हणाल्या बघ, वर्गात एकट्यालाच खेळ कळला होता.

परत करायचं झालं तर

बाकी शाळांतल्या लोकांनी विचारलं म्हणून लिहिते, पण हे नियम म्हणून घेऊ नका, माझ्या वर्गात जे दिसलं तेवढंच.

सगळ्यात आधी, हो म्हणायला एक दिवस घेईन. पोरांची मागणी वाईट नव्हती, माझं घाईतलं हो वाईट होतं. "५० रुपयांच्या आत" हे मी नियम म्हणून सांगितलं पण तो कोण पाळणार, मोडला तर काय, याचा विचारच नव्हता, आणि अशा मर्यादेचं असं होतं की जो पाळतो तोच कंजूष दिसतो. विकत आणायचं नाही हे करायचं असेल तर ते नोव्हेंबरातच सांगायला हवं, ३१ जणांनी खरेदी केल्यावर नाही. मध्येच नियम बदलणं हा त्यातला सगळ्यात महाग निर्णय होता आणि तो मी सगळ्यात खात्रीनं घेतला.

मग चिठ्ठ्या. नववीच्या वयात चिठ्ठी म्हणजे नुसता कागद नसतो, कोण हवंय कोण नकोय याची उघड यादीच होते ती. पाकीटबंद चिठ्ठ्या पहिल्याच दिवसापासून हव्या होत्या. किंवा चिठ्ठ्याच नकोत, सगळ्या वर्गानं मिळून दुसऱ्या वर्गासाठी काहीतरी करायचं. यावर स्टाफरूममध्ये अजून एकमत नाही, मराठीच्या टीचर म्हणतात एकाला एकानं देण्यात जे आहे ते घोळक्यात नाही, आणि मला वाटतं त्याही बरोबर आहेत.

पालकांचा ग्रुप हा सगळ्या पालकांचा नसतो. आता मी पैशाचा संबंध असलेलं काहीही ग्रुपवर टाकत नाही, डायरीत लिहून देते, सही मागते. जुनाट वाटतं पण साध्या फोनवाल्या घरांतही ते पोचतं. आणि ग्रुपवर कुणी किमतीसकट फोटो टाकला तर तासाभरात उत्तर द्यायचं, म्यूट नाही करायचं. माझ्या एका ओळीनं तो सगळा भाव तिथेच थांबला असता.

मोठ्या सरांशी मी बोलले. त्यांचं म्हणणं की चांगलं केलं ते सांगायचं नाही का? सांगायचं, पण झाल्यावर. आणि ज्यांनी केलं त्यांना आधी. त्यांना ते फारसं पटलेलं नाही, कात्रण मार्चपर्यंत फळ्यावर होतं.

राहिला तो मुलगा. बुधवारी फोन ठेवला तेव्हा शाळा सुटायला अडीच तास होते. पंधरा मिनिटं चालत जाऊन मी त्याच्या दारात उभी राहिले असते तर तो घरी नाही हे तिथेच दिसलं असतं, शेजारच्यांनी नाका दाखवला असता, आणि नाक्यावर मला तो कामट्या बांधत बसलेला सापडला असता. मग काय बोलले असते माहीत नाही. कदाचित तेव्हाही चुकीचंच बोलले असते. पण नियम नसता बदलला.

हजेरीपटावर १६, १७, १८ ला त्याच्या नावापुढे गैरहजर आहे, आणि १९ ला पण, कारण त्या दिवशी तो ग्रिप आणायला गेला होता. तापाची चिठ्ठी फाइलला लावलीय. काढायला हवी, पण अजून काढलेली नाही.